बाबांची जुनी मोटरसायकल अजून का सुटत नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि ठाण्यातल्या शोरूमबाहेर दसऱ्याच्या आधीच हार-पेढ्यांची गडबड सुरू झाली. त्याच वर्षी दुसरीही एक गडबड चालू होती. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची झाली होती. मुदत वाढत वाढत गेली आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधून स्प्लेंडर, युनिकॉर्न, करिझ्मा, पहिल्या पिढीतल्या पल्सर पुसून-पासून बाहेर निघाल्या. अडगळीत पडलेल्या गाड्या असतील असं वाटत होतं. निघाल्या त्यातल्या बऱ्याचशा रोज कामावर जाणाऱ्या.

शोरूममध्ये आज प्रत्येक हौसेसाठी वेगळी मोटरसायकल आहे. रेसिंगसारखी वाकून चालवायची वेगळी, दगडधोंड्यांतून न्यायची वेगळी, आरामात पाय पुढे टाकून बसायची वेगळी. तरीही पंचविशीतला मुलगा बाबांची पंधरा वर्षं जुनी गाडी मागतो, आणि सेकंडहँड बाजारात जुन्या साध्या मॉडेलला गिऱ्हाईक चटकन मिळतं. हे कसं, ते जरा मुळापासून पाहू.

सगळ्या कामांची गाडी आणि एकाच कामाची गाडी

लोखंडी कढईत भाजी होते, पुऱ्या तळता येतात, अडल्यावेळी शेंगदाणेही भाजून निघतात. आप्पेपात्रात आप्पे कढईपेक्षा नक्कीच चांगले होतात, पण फक्त आप्पेच. मोटरसायकलींतही असेच दोन प्रकार आहेत. काही गाड्या कुठल्याच कामात अव्वल नसतात, पण एकही काम नाकारत नाहीत. या लेखापुरतं त्यांना बहुउपयोगी म्हणू. दुसऱ्या प्रकारातल्या गाड्या एखाद्या कामात अव्वल असतात आणि त्याची किंमत बाकीच्या कामांत वसूल करतात. त्या खास कामाच्या.

ही वसुली समजली की अर्धं कोडं सुटतं. मोटरसायकल हे फार छोटं यंत्र आहे. सीट उंच केली की खालून दगड लागत नाहीत, पण सिग्नलला पाय टेकत नाहीत. हँडल खाली घेतलं की वारा कमी लागतो, पण मनगटं दुखतात. चाकांमधलं अंतर वाढवलं की सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहते, पण गल्लीत वळत नाही. काहीही फुकट मिळत नाही.

पूर्वीच्या गाड्या अशा का होत्या

हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ ला आणि स्प्लेंडर १९९४ ला. दोन्हींचं इंजिन ९७.२ सीसीचं. त्या काळात मध्यमवर्गीय घरात वाहन एकच असायचं, तेही हप्त्यांवर घेतलेलं. त्यावर बाबा कंपनीत जायचे, आई-बाबा लग्नाला जायचे, दिवाळीत गावाला जाताना मागे पिशव्या बांधल्या जायच्या. अशा घराला 'फक्त शनिवार-रविवारची' गाडी विकणार कोण?

पुढे थोडी ताकद हवी असं लोक म्हणू लागले. मग १९९९ ला सीबीझेड, २००१ ला १५० आणि १८० सीसीच्या पल्सर, २००३ ला करिझ्मा, २००४ ला युनिकॉर्न आल्या. ताकद वाढली, पण बसायची पद्धत, लांबलचक सीट आणि मागच्या माणसाची सोय बरीचशी तशीच राहिली. फाटे फुटले त्यानंतर. २००८ ला रेसिंगसारखी यामाहा आर१५, २०१२ ला केटीएम ड्यूक २००, मग दगडधोंड्यांतून न्यायच्या दोन: २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ ला हिरोची एक्सपल्स २००. घरात दुसरी गाडी किंवा कार आली, तेव्हाच मोटरसायकल एकाच कामाची होऊ शकली.

आता ठाण्यात एक गंमत आहे. पैसा वाढला, पण पार्किंग वाढलं नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फ्लॅटमागे एका दुचाकीची जागा मिळाली तरी नशीब. दोन खास गाड्या ठेवायची ऐपत असलेला माणूसही शेवटी एकाच गाडीवर येतो. म्हणजे गणित फिरून १९९४ च्या जवळच आलं.

ताकदीचा आकडा आणि ट्रॅफिक

इथे दोन शब्द लागतील. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. पॉवर म्हणजे तो जोर इंजिन किती भराभर लावतं त्याचा हिशोब, तो पीएसमध्ये, म्हणजे साधारण हॉर्सपॉवरमध्ये, मोजतात. टॉर्कला इंजिनच्या फेऱ्यांनी गुणलं की पॉवर निघते. म्हणून जोर न वाढवता, नुसत्या फेऱ्या वाढवूनही पॉवरचा आकडा फुगवता येतो. छोट्या खास गाड्यांत बऱ्याचदा हेच करतात. त्यात लबाडी नाही, पण त्याचा अर्थ खरेदीदाराला कुणी सांगत नाही.

उदाहरण घेऊ. २००३ ची करिझ्मा २२३ सीसीची, हवेवर थंड होणारी. पॉवर १७ पीएस, मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर. टॉर्क १८.३५ न्यूटन मीटर, ६,००० फेऱ्यांवर. आर१५ ची चौथी आवृत्ती १५५ सीसीची, पाण्यावर थंड होणारी. पॉवर १८.४ पीएस, पण १०,००० फेऱ्यांवर. टॉर्क १४.२ न्यूटन मीटर, ७,५०० फेऱ्यांवर. पॉवर पाहिली तर नवी गाडी पुढे, आणि इतक्या छोट्या इंजिनातून एवढी पॉवर काढणं हे इंजिनिअरिंगचं मोठं कामच आहे. पण ती पॉवर राहते वरच्या मजल्यावर. तिथे जायचं तर गिअर खाली टाकून इंजिन किंचाळवावं लागतं.

आता ही दोन्ही इंजिनं संध्याकाळी सात वाजता माजिवड्याला उभी करा. मेट्रोच्या खांबांनी आधीच रस्ता चोरलेला, डावीकडे बस, उजवीकडे कंटेनर. इथे इंजिन बहुतेक वेळ ३,००० ते ५,००० फेऱ्यांत असतं. मोठ्या, निवांत इंजिनाला तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल जरा पिळलं तरी पुरतं. छोट्या तापट इंजिनाला दुसरा, पहिला, क्लच, परत दुसरा, असं नाचावं लागतं. 'पिकअप चांगला आहे' असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा खालच्या फेऱ्यांवरचा हा जोर म्हणायचा असतो, १० हजारांवरची पॉवर नव्हे.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. कंपनी छापते तो फक्त सर्वोच्च आकडा. त्याच्या आधीचा चढ कसा आहे ते त्यातून कळत नाही. काही नव्या इंजिनांत खालीही भरपूर जोर असतो. म्हणून नवी गाडी घेताना टेस्ट राइड रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. तीन हात नाक्याला ऑफिस सुटायच्या वेळी घ्या, शोरूमवाल्याने तोंड वाकडं केलं तरी.

मागे कोण बसणार?

बाईक घेताना तरुण मुलं हा प्रश्न विचारत नाहीत, आणि घरात लग्न झालं की पहिला हाच विचारला जातो. स्पोर्ट्स गाडीची मागची सीट म्हणजे उंचावर बसवलेली एक छोटी गादी. धरायला नीट दांडी नाही, गुडघे पोटाशी. चाळिशीच्या बाईला साडी नेसून त्यावर चढायला सांगून बघा.

स्प्लेंडरची सीट सलग, सपाट आणि जमिनीपासून ७८५ मिलिमीटर. एक्सपल्सची ८२५. फरक जेमतेम चार सेंटिमीटरचा, पण पाच फूट तीन इंचाच्या माणसासाठी पूर्ण पाय टेकणं आणि नुसता चवडा टेकणं यातलं अंतर तेवढंच असतं. वजनाचंही तसंच. ११२ किलोची स्प्लेंडर पार्किंगमध्ये मागे ओढता येते. १९९ किलोची जुनी हिमालयन उतारावर उलटी लावलीत तर वॉचमनला हाक मारावी लागते.

वेगवान गाडीने जायचं कुठे?

मला या विषयातला सगळ्यात बोलका मुद्दा हा वाटतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. आपल्या ठाणे-नवी मुंबई भागातून निघणारे मोठे वेगवान रस्ते मोजा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्ग आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळ आमणे इथे येऊन संपतो. तिथेही बंदी. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू नवी मुंबईला थेट शिवडीशी जोडतो. दुचाकीला बंदी. मुंबईत पोहोचलात तर ईस्टर्न फ्रीवे आणि कोस्टल रोड, दोन्हीकडे बंदी.

म्हणजे ताशी शंभरच्या पुढे सुखात धावावी म्हणून बांधलेली मोटरसायकल तुम्ही अशा शहरात घेता, जिथले तसे सगळे रस्ते तिला बंद आहेत. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. आज परिस्थिती ही आहे.

मग उरतं काय? पुण्याला जायचं तर पनवेल-खोपोलीवरून जुना हायवे, शिंग्रोबाचा चढ. जुन्नरला गावी जायचं तर कल्याण, मुरबाड, माळशेज घाट. नाशिकला कसारा. रोजचं म्हणाल तर ऐरोली पूल ओलांडून महापे किंवा तुर्भे, शिळफाट्याची कोंडी, गायमुख घाटातले खड्डे. थोडा चढ, थोडा खड्डा, थोडा मोकळा रस्ता आणि खूपसं ट्रॅफिक, सगळं एकाच प्रवासात. रस्ते बहुउपयोगी असतील तर गाडीही तशीच लागणार.

फुटपाथवर उघडता येणारं इंजिन

स्प्लेंडरचं टॅपेट सेटिंग कधी उभं राहून पाहिलंय? इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारी एक झडप आणि धूर बाहेर टाकणारी एक झडप असते. झडपेच्या टोकाशी अगदी बारीक फट ठेवावी लागते. ती फट वाढली की डोक्यावरून टकटक ऐकू येते, कमी झाली की झडप नीट मिटत नाही. मेकॅनिक आधी गाडी थंड व्हायला ठेवतो, कारण गरम इंजिनावर माप चुकतं. तेवढ्यात चहा होतो. मग इंजिनाच्या डोक्यावरच्या दोन गोल टोप्या पान्याने उघडायच्या, डाव्या बाजूने मॅग्नेट, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकी चाक, फिरवून त्यावरची टी अक्षराची खूण जुळवायची, फटीत पातळ पट्टी सरकवायची, नट ढिला करून स्क्रू किंचित फिरवायचा आणि पट्टी जराशी अडकत सरकली की नट आवळायचा. बस. टाकी उतरवायची नाही, लॅपटॉप जोडायचा नाही. कळव्याच्या गॅरेजमध्ये जमतं ते मुरबाडच्या एसटी स्टँडजवळही जमतं.

केटीएम ३९० ड्यूकसारख्या इंजिनात तीच फट ठरावीक जाडीच्या चकत्या बदलून साधावी लागते. त्यासाठी टाकी काढा, वरचं झाकण काढा, झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, बाहेर काढा. योग्य जाडीची चकती गॅरेजमध्ये नसेल तर गाडी तशीच उघडी ठेवून ती येण्याची वाट पाहा. अशा रचनेमुळेच ते इंजिन एवढ्या फेऱ्या झेलतं हे खरं, पण ही दुरुस्ती माळशेजच्या पायथ्याशी होत नाही.

जुन्या गाड्यांचं आयुष्य लांबतं ते याचमुळे. पिस्टन-बोअरचं काम निघालं तर गॅरेजवाला 'हाफ इंजिन' म्हणतो, खालपर्यंत सगळं उघडायचं असेल तर 'फुल इंजिन'. सुटे भाग लाखोंनी बनतात, म्हणून स्वस्त. मेकॅनिकच्या हाताला सवय, म्हणून मजुरी माफक. गाडी मरतच नाही, पुन्हा पुन्हा बांधली जाते.

कंपनीलाही मागे यावं लागलं

ही निव्वळ ग्राहकांची भावुकता असती तर कंपन्यांनी फारशी दाद दिली नसती. होंडाने मात्र ती दिली. २०१४ च्या शेवटी युनिकॉर्न १६० बाजारात आली आणि जुनी १५० मागे पडली. नवी दिसायला टवटवीत, तंत्रात पुढची. पण लोक शोरूममध्ये येऊन जुनीच मागत राहिले. शेवटी २०१६ मध्ये कंपनीने १५० परत विकायला काढली. पुढे २०२० मध्ये नवे प्रदूषण निकष आले तेव्हा १६० हे नाव गेलं, आणि साध्या जुन्या रूपातली युनिकॉर्न १६२.७ सीसीचं इंजिन घेऊन टिकली. बाजारात यापेक्षा स्पष्ट कौल क्वचित मिळतो.

"ही सगळी आठवणींची हौस आहे"

काही अंशी आहेच. यामाहा आरएक्स १०० बघा. १९८५ ते १९९६ या काळात ती बनली, ९८ सीसी, ११ पीएस, टू-स्ट्रोक. आज तिच्या चकाचक केलेल्या गाड्यांना मागतात त्या किमती ऐकून हसू येतं. तो आवाज, तो निळसर धूर, तो पहिल्या गिअरमधला झटका, यासाठी लोक पैसे मोजतात. मोजू देत. पण ती संग्राहकांची बाजारपेठ झाली. तिच्यावरून जुन्या गाड्यांच्या उपयोगाबद्दल निष्कर्ष काढू नका, आणि रोजच्या वापरासाठी ती घेऊही नका.

करिझ्मा, युनिकॉर्न, स्प्लेंडर यांच्याबाबतीत हौस कमी आणि हिशोब जास्त आहे.

"ब्रेकचं काय? धुराचं काय?"

हा आक्षेप खरा आहे. त्याला गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक पूर्ण थांबून घसरू न देणारी ही यंत्रणा. त्याखालच्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागणारा. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडवर पुढची रिक्षा अचानक थांबली की एबीएसची किंमत कळते. जुन्या गाडीला ते नंतर बसवून घ्यायची सोपी सोय नाही. चांगले टायर आणि वेळेवर बदललेले ब्रेक शू यांनी फरक पडतो, पण दरी बुजत नाही.

धुराचंही तेच. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर जाऊन संगणकाने मोजून पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन आलं. जुनी गाडी कितीही नीट ठेवली तरी ती एवढी स्वच्छ होणार नाही.

म्हणून माझं मत असं की जपायचं ते वय नव्हे, घडण. आजची स्प्लेंडर इंजेक्शनवाली आहे, सीबीएस आहे, आणि गाडी मुळात तीच आहे. ती घेण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

"मग ॲडव्हेंचर बाईक सगळंच करते की!"

जाहिरातीत करते. पहिली हिमालयन, ४११ सीसीची, या दाव्याच्या सगळ्यात जवळ पोहोचली होती. २४.५ पीएस म्हणजे आकडा मामुली, पण ३२ न्यूटन मीटर टॉर्क ४,००० ते ४,५०० फेऱ्यांतच हाताशी, आणि सीट ८०० मिलिमीटर. २०२३ च्या नव्या ४५२ सीसी हिमालयनमध्ये ४० पीएस आणि ४० न्यूटन मीटर आहेत, आणि सीट ८२५ वर गेली. हायवेवर नवी गाडी कितीतरी सरस आहे, यात वाद नाही. पण जुनीचे चाहते तिला सोडत नाहीत, कारण ती आळशी आहे. घाटात दुसऱ्या गिअरवर ठेवली की बैलासारखी चढते.

शिवाय कराचा मुद्दा आहेच. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी आता ४० टक्के. म्हणजे या गटातल्या बहुतेक मोठ्या गाड्या त्याच दिवशी महागल्या, ज्या दिवशी साध्या गाड्या स्वस्त झाल्या.

जुनीच घ्यायची असेल तर

आधी कागद. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये हे शुल्क २,००० रुपये केलं, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. दिल्लीसारखी वयाची बंदी आपल्याकडे नाही, पण नूतनीकरण न केलेली एमएच ०४ ची, म्हणजे ठाण्यात नोंदलेली, गाडी 'करून घ्या हो, काही नाही त्यात' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तो सगळा खर्च आणि आरटीओची चक्कर तुमच्या खात्यावर धरा. हँडलखालच्या मानेवरचा चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवून पाहा. तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या तर भाव न करता निघून या.

मग पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या घडणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं म्हटलं होतं. ती घट सोसता येते. खरी कटकट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी जुलैमध्ये ओलीला तोटा नाही. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज, कार्बोरेटरच्या तळाशी पाणी, जुन्या रबरी नळ्या फुगलेल्या, हे ठरलेलं. तेव्हा गाडी घेतल्या घेतल्या पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरची रबरं बदलून घ्या, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तिला फिरवून आणा, फार दिवस उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर खालच्या स्क्रूने रिकामा करा.

एवढी उठाठेव जमणार नसेल, तर सरळ नवी युनिकॉर्न घ्या.